जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जयंत विष्णु नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. तेव्हापासून त्यांची पुस्तके पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या वाचकांकडून, त्यातही महाविद्यालयीन विद्यार्थी आणि शिक्षक यांच्याकडून, काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. नारळीकरांच्या खगोलशास्त्रीय संशोधनाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे भर त्यांच्या कथालेखनावर आहे.

नारळीकर मुळात शास्त्रज्ञ होते. मग मराठी साहित्यात त्यांचे नाव इतके महत्त्वाचे का मानले जाते?

त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला, पण ते वाढले बनारसमध्ये. वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि आई सुमती संस्कृतच्या जाणकार होत्या. १९५७ मध्ये बी.एस्सी. झाल्यावर ते केंब्रिजला गेले. तेथे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत रँग्लर झाले आणि पुढे इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली. १९६४ मध्ये हॉयल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि त्यानंतरच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नारळीकरांना पद्मभूषण मिळाले. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, तेव्हा तिचे संस्थापक संचालक म्हणून त्यांनी सूत्रे घेतली आणि २००३ पर्यंत ती सांभाळली.

एवढी कारकीर्द एखाद्या माणसाला पुरेशी होती. तरीही त्यांनी कथा लिहिल्या, आणि मराठीत लिहिल्या. ज्यांचे संशोधन इंग्रजीत चालते ते बहुतेक शास्त्रज्ञ मातृभाषेत फार तर एखादे भाषण करतात. नारळीकरांनी मात्र कृष्णविवर, सापेक्षता, अनेक विश्वांची कल्पना हे सारे मराठी माणसाच्या दिवाणखान्यात, आगगाडीत, क्रिकेटच्या मैदानावर आणून बसवले, आणि तेही भाषा अवघडू न देता. माझ्या मते त्यांचे साहित्यातले मोठे काम हेच आहे: विज्ञानाविषयीची कल्पनाशक्ती मराठीतून विचार करू शकते, हे त्यांनी स्वतः लिहून दाखवले.

पहिली कथा त्यांनी टोपणनावाने का पाठवली?

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. नारळीकरांना तीत भाग घ्यावासा वाटला. अहमदाबादच्या एका परिसंवादात व्याख्यान रंगेना, तेव्हा जवळच्या कागदांवर त्यांनी कथा लिहायला सुरुवात केली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, हे तिचे वैज्ञानिक बीज.

मात्र आपले नाव पाहून परीक्षक प्रभावित होतील, अशी शंका त्यांना आली. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. परिषदेतल्या लोकांशी पत्रव्यवहार असल्याने हस्ताक्षर ओळखले जाण्याचीही भीती होती, तेव्हा पत्नी मंगला यांनी संपूर्ण कथा आपल्या अक्षरात उतरवून काढली. मंगला नारळीकर स्वतः गणिताच्या अभ्यासक आणि लेखिका होत्या, त्यामुळे ही मदत केवळ नक्कल करण्यापुरती राहिली नसावी, असे मला नेहमी वाटते. तो मात्र माझा तर्क आहे. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग ‘जगताप’ कोण ते उघड झाले.

ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते, पण तीत एक शिस्त दिसते. पद्मभूषण मिळालेला माणूस नवख्या लेखकांच्या रांगेत उभा राहतो आणि आपले लेखन केवळ लेखन म्हणून तपासले जावे, असा आग्रह धरतो.

साहित्यिकांनी या लेखनाची दखल घेतली का?

घेतली, आणि फार लवकर घेतली. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी मराठीतल्या या नव्या प्रवाहाचा गौरवाने उल्लेख केला. दुर्गाबाईंचा लोकसाहित्यापासून संस्कृतीपर्यंतचा व्यासंग आणि त्यांचा परखडपणा ध्यानात घेतला, तर त्या उल्लेखाचे मोल कळते. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी नारळीकरांना आणखी कथा लिहिण्यास प्रवृत्त केले. मासिकांमुळे या कथा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुरत्या न राहता घराघरांत गेल्या. पुढे १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह पुस्तकरूपाने आला.

त्यांच्याआधी मराठीत विज्ञानकथा नव्हतीच का?

होती. नारळीकर हे मराठी विज्ञानकथेचे जनक, असे सरसकट म्हटले जाते. ते बरोबर नाही आणि त्याने आधीच्या लेखकांवर अन्याय होतो. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेचे मराठी रूप विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच ‘केरळ कोकिळ’ मासिकातून वाचकांपुढे आले होते. श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही मराठीतल्या आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांपैकी एक मानली जाते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत नेला. भालबा केळकर, द. पां. खांबेटे आणि नारायण धारप यांनी आपापल्या परीने या प्रकारात लेखन केले.

मग नारळीकरांनी काय बदलले? त्यांच्या आधीच्या बऱ्याच लेखनात विज्ञान हे अद्‌भुताचे नवे वस्त्र होते: जादूच्या जागी यंत्र, राक्षसाच्या जागी परग्रहवासी. नारळीकरांच्या कथेत विज्ञानाचा नियम हाच कथेचा कणा असतो. तो काढून घेतला तर कथा कोसळते. ही कसोटी त्यांनी स्वतःच्या लेखनाला लावली आणि पुढच्या लेखकांनाही ती डावलता आली नाही.

फ्रेड हॉयल यांचा त्यांच्या कथालेखनावर किती प्रभाव आहे?

पुष्कळ. हॉयल हे पहिल्या प्रतीचे खगोलशास्त्रज्ञ होतेच, शिवाय १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी गाजली होती. गुरूच कादंबऱ्या लिहीत असल्याने कथा लिहिल्याने शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा उणावते, हा संकोच शिष्याच्या मनात राहिला नाही. प्रस्थापित मताला आव्हान देण्याची हॉयल यांची वृत्तीही त्यांच्यात उतरली. विश्वाचा आरंभ एका महास्फोटातून झाला, या सिद्धान्ताला पर्याय शोधण्याचा नारळीकरांचा प्रयत्न अखेरपर्यंत चालू होता. १९९३ मध्ये हॉयल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी मिळून ‘स्थिरवत स्थिती’चे, म्हणजे विश्वाला असा एकच आरंभ नाही असे मानणारे, विश्वरूप मांडले. नारळीकरांच्या कथांमध्ये एकटा पडलेला, कुणी ऐकून न घेतलेला आणि शेवटी खरा ठरणारा वैज्ञानिक पुन्हा पुन्हा भेटतो, त्याचे मूळ मला येथे दिसते.

‘हिमप्रलय’ या कथेतला वसंत चिटणीस तसाच आहे. हिमयुग येऊ घातले आहे, असे तो सांगतो आणि जग दुर्लक्ष करते. मग एके दिवशी मुंबईवर बर्फ पडते. समुद्राने साठवलेली उष्णता आणि वरच्या वातावरणातले हिमकण यांचे नाते या कथेच्या मुळाशी आहे, आणि हिमयुगांचा विचार हॉयल यांनीही याच दिशेने केला होता.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेविषयी सर्वाधिक बोलले जाते. तिच्यात असे काय आहे?

या कथेचे इंग्रजी रूप ‘द अॅडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या एन.सी.ई.आर.टी.च्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आहे. त्यामुळे मराठी न येणाऱ्या भारतभरच्या विद्यार्थ्यांनाही प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ठाऊक आहेत.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांच्या सैन्याची फळी मोडली. ती गोळी लागली नसती तर? हा प्रश्न मराठी मनाला अडीच शतके छळतो आहे. ‘पानिपत होणे’ हा शब्दप्रयोग आपण अजून रोज वापरतो. या जखमेवर कादंबऱ्या, नाटके, पोवाडे झाले. नारळीकरांनी त्याच जखमेवर पदार्थविज्ञानाचा प्रकाश टाकला.

इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला निघतात. वाटेत ‘सरहद’ नावाचे स्थानक लागते आणि त्यापुढे इंग्रजांचा मुलूख सुरू होतो. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. फोर्ब्स इमारतीत ते आपल्या मुलाची चौकशी करतात, तर त्या नावाचा कोणीच तेथे नाही. मग हा इतिहासकार आपल्या सवयीने वागतो: तो टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तके उघडतो. त्या जगात विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटून गेली आहे, मराठे जिंकले आहेत, कंपनीला मुंबई, कलकत्ता, मद्रास एवढ्यावरच थांबावे लागले आहे आणि कालांतराने देश लोकशाहीकडे वळला आहे. संध्याकाळी आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी पाहून गंगाधरपंत सवयीने तीवर जाऊन बसतात आणि संतापलेले श्रोते त्यांच्यावर तुटून पडतात. शुद्धीवर आल्यावर ते आपल्या ओळखीच्या जगात असतात, मात्र खिशात बखरीचे एक फाटके पान असते आणि त्यावर गोळी निसटल्याचा मजकूर असतो.

मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना खुलासा करतो. बंदुकीतून सुटणारी गोळी कोठे जाईल ते सांगता येते. इलेक्ट्रॉन कोठे जाईल ते निश्चित सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. मग त्या सगळ्या शक्यता कुठेतरी खऱ्या होत असतील का? पुंजभौतिकीतला, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या विज्ञानातला, हा प्रश्न येथे पानिपताच्या गोळीला जोडला जातो. बखरीच्या पानावरचा एक शब्द बदलला की इतिहास बदलतो, हे समजायला वाचकाला कुठलेही समीकरण लागत नाही. अध्यक्षपदाचा सोस असलेला विद्वान हा आपल्याकडच्या सभासंमेलनांतून उचललेला नमुना आहे, आणि कथेचा गाडा त्याच्याच जोरावर पुढे सरकतो. नारळीकरांच्या कथांत मी ही सर्वांत वर ठेवतो.

नवख्या वाचकाने कुठून सुरुवात करावी?

कथांपासून. ‘यक्षांची देणगी’ आधी वाचावे. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मोबियसची पट्टी (एक पीळ देऊन टोके जोडलेली पट्टी), डावे-उजवे उलटणे आणि क्रिकेट यांची सांगड आहे, आणि पट्टीची भूमिती कागदाची पट्टी पिळून घरी करून पाहता येते. हे वाचन मुलांबरोबर करण्यासारखे आहे. ‘पुत्रवती भव’ ही कथा मुलगाच हवा या हव्यासाला तंत्रज्ञानाची जोड मिळाली तर समाजाचे काय होईल, हे दाखवते. गर्भलिंगनिदानाच्या प्रश्नाने पुढे आपल्या राज्यात जे रूप घेतले ते आठवून ती वाचली की अंगावर काटा येतो.

कादंबऱ्यांत ‘वामन परत न आला’ पहिली घ्यावी. पुरातन, प्रगत संस्कृतीची जमिनीखाली सापडलेली ठेव आणि तिच्यातून घडवलेला यंत्रमानव ही तिची कल्पना आज, विचार करणाऱ्या यंत्रांविषयी रोज चर्चा होत असताना, पुन्हा ताजी वाटते. बळीच्या कथेतल्या वामनाप्रमाणे हाही लहान दिसतो आणि मागत मात्र तिन्ही लोक जातो. शीर्षकातच सारा धोका आहे. ‘प्रेषित’ आणि ‘व्हायरस’ त्यानंतर वाचता येतील.

त्यांच्या कथांतले विज्ञान कितपत खरे असते?

पायाचा नियम खरा असतो आणि त्यावर बांधलेला एक मजला कल्पनेचा असतो. वाचकाने हा फरक ध्यानात ठेवावा. काळ मंदावतो हे खरे आहे. पण समांतर जगात जाऊन कोणी बखरीचे पान घेऊन येऊ शकत नाही. कधी कधी त्यांची कल्पना आणि त्यांचे संशोधन एकमेकांच्या फार जवळ आलेले दिसते. सूक्ष्मजीव अवकाशातून पृथ्वीवर येत असतील का, या प्रश्नाचा माग घेण्यासाठी २००१ मध्ये हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले, त्या प्रयोगात नारळीकर अग्रभागी होते. पुढच्या अशाच प्रयोगात सापडलेल्या एका नव्या जिवाणूला हॉयल यांचे नाव देण्यात आले. ते जिवाणू अवकाशातूनच आले, असे त्यातून सिद्ध होत नाही; पण परग्रहावरील जीवसृष्टीच्या कथा लिहिणारा माणूस प्रत्यक्षात हवेचे नमुने तपासत होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

अंधश्रद्धेविरुद्धची त्यांची भूमिका कथांत दिसते का?

‘धूमकेतू’ ही कथा वाचावी. कलकत्त्यातला एक हौशी आकाशनिरीक्षक, दत्त, नवा धूमकेतू शोधतो. धूमकेतू अशुभ असतो, या समजुतीने त्याची पत्नी इंद्राणी अस्वस्थ होते. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते, तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येऊन त्याला वाटेवरून ढळवतात. इकडे घरी यज्ञ होतो आणि संकट यज्ञामुळे टळले, असा विश्वास इंद्राणीच्या मनात कायम राहतो. शास्त्रज्ञ जिंकतात, पण घरच्या माणसाला ते पटवू शकत नाहीत. लेखक इंद्राणीचा उपहास करत नाही, म्हणून ही कथा खोलवर जाते.

हीच वृत्ती त्यांनी कथेबाहेरही जपली. २००८ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतल्या सुमारे २०० पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिष्याला त्यांपैकी ४० पाठवून कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते विचारले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिष्यांचे यश सरासरी ४६ टक्के भरले, म्हणजे नाणे उडवून मिळेल त्याहून अधिक नाही. आक्षेप घेण्याआधी मोजून पाहावे, ही त्यांची रीत होती.

त्यांच्या लेखनात काही उणिवा आहेत का?

आहेत, आणि त्या सांगितल्याने त्यांचा मान कमी होत नाही. पात्रे बहुधा कल्पनेच्या सोयीने येतात. त्यांचे अंतरंग फारसे उलगडत नाही. स्त्री-पात्रांना वाव कमी आहे. एक पात्र दुसऱ्याला विज्ञान समजावून सांगते आणि संवादाचे व्याख्यान होते, असेही पुष्कळदा घडते. कादंबऱ्यांत हे अधिक जाणवते, कारण एका कल्पनेचे बळ पंधरा-वीस पानांना पुरते तसे दीडशे पानांना पुरत नाही. भाषा साधी आणि स्वच्छ आहे; तीत शैलीचा विलास शोधू नये. बनारसमध्ये शिकलेल्या आणि तरुणपण केंब्रिजमध्ये घालवलेल्या माणसाची ही मराठी प्रामुख्याने घरात जपलेली मराठी आहे, हे कळले की तिच्या साधेपणाचे मोल वेगळे भासते.

पुढच्या लेखकांवर त्यांचा काय परिणाम झाला?

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे, अरुण मांडे हे लेखक साधारण त्याच काळात आणि त्यानंतर पुढे आले. ते नारळीकरांचे अनुयायी होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. लोंढे आणि जावडेकर यांनी तर माणसाच्या मनाकडे आणि नीतीच्या पेचांकडे अधिक लक्ष दिले आणि नारळीकरांच्या कथेत जे कमी होते ते मराठी विज्ञानकथेत आणले. नारळीकरांमुळे झाले ते असे, की संपादकांनी या कथांना दारे उघडली, दिवाळी अंकांत विज्ञानकथेला जागा मिळू लागली आणि ही केवळ मुलांची करमणूक नव्हे, हे वाचकांनी मान्य केले. फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये काढला, त्यात मराठी कथांचे स्थान ठळक आहे.

साहित्यातले कोणते सन्मान त्यांना मिळाले?

‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती चार नगरे म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. विज्ञानप्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार त्यांना १९९६ मध्ये मिळाला होता. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, मात्र प्रकृतीमुळे त्यांना तेथे जाता आले नाही. कराडच्या मंडपात विज्ञानकथेचा उल्लेख झाला, त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी अध्यक्षपद एका विज्ञानकथाकाराकडे आले.

मुलांशी त्यांचे नाते कसे होते?

व्याख्यानानंतर मुले सहीसाठी गर्दी करत. नुसती सही देण्याऐवजी ते सांगत, ‘मनातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही असेल.’ अशी कार्डे येत राहिली आणि ते उत्तरे लिहीत राहिले. आयुकाच्या आवारात ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. तिच्या इमारतीसाठी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाने साहाय्य केले आणि तिचे नाव आहे ‘पुलस्त्य’. ते सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे नाव आहे आणि त्यात ‘पुल’ही आहेत. आठवड्याच्या शेवटी शाळकरी मुले तेथे टाकाऊ वस्तूंपासून प्रयोगाची खेळणी बनवतात.